आवडत्या रॉक बँडची कॉन्सर्ट, सोबत घरचे आणि मित्रमंडळी: तिकिटं कुठली, कान कसे सांभाळायचे, गर्दीचं काय?

आडताल

नमस्कार मंडळी. आवडत्या रॉक बँडचा दौरा जाहीर झालाय. कार्यक्रम स्टेडियममध्ये, उघड्यावर आहे आणि तिकीटविक्री अजून सुरू व्हायची आहे. जाणारे आठ जण: मी, नवरा, मुलगी (वय ७), पुतण्या (वय १५), बाबा (वय ७१, दोन्ही कानांना श्रवणयंत्रं, गुडघ्यांचा त्रास) आणि तिघं मित्रमैत्रिणी. पुतण्याला आणि मित्रमंडळींना स्टेजसमोरच्या कठड्यालाच चिकटून उभं राहायचंय. त्यातल्या एका मैत्रिणीला अपस्मार आहे, त्यामुळे उघडझाप करणाऱ्या दिव्यांची धास्ती वाटते.

आमच्या घरात तिन्ही पिढ्या हा बँड ऐकतात, म्हणून सगळ्यांनी एकत्र बसावं असं मनापासून वाटतंय. ते जमण्यासारखं आहे का? तिकिटं कुठली घ्यावीत, आवाज कुठून चांगला येतो, मुलीचे कान आणि बाबांची यंत्रं यांचं काय करायचं, पुढच्या गर्दीत धोका कितपत असतो, आणि शेवटी सगळे एकमेकांना सापडणार कसे? जितकं नेमकं सांगाल तितकं बरं.

मागचा_स्पीकर

आठही जण एकत्र नकोच. तिकिटं दोन जागची घ्या. विक्री सुरू झाल्यावर दहा मिनिटांत हा निर्णय होत नाही, तेव्हा आत्ताच ठरवून टाका.

रॉकच्या कार्यक्रमात खुर्चीचं तिकीट काढलं तरी लोक बसत नाहीत. पहिली गिटार वाजली की पुढच्या सगळ्या रांगा उभ्या राहतात, त्या शेवटपर्यंत. दोन तास उभं राहणं ज्यांना झेपत नाही त्यांना मग फक्त पाठी दिसतात. सात वर्षांच्या मुलीचंही तेच. म्हणून मधल्या किंवा वरच्या मजल्याची पहिली रांग बघा. तिच्यापुढे कुणी उभं राहूच शकत नाही, फक्त कठडा असतो. मात्र तो कठडा बसलेल्या माणसाच्या नजरेच्या आड येतो का, हे तिकिटाच्या नकाशावर तपासा. 'दृश्य अंशतः झाकलेले' अशी खूण असेल तर ती जागा सोडा. बाबांना कडेची, जिन्यालगतची खुर्ची. वरच्या मजल्याच्या पायऱ्या फार उभ्या असतात, शिवाय तिथे अंधारात उतरावं लागतं. लिफ्ट कुठपर्यंत जाते आणि तिथून पुढे किती पायऱ्या, हे आयोजकांना तिकीट काढण्याआधी विचारा. बहुतेक मोठ्या स्टेडियममध्ये पायऱ्या न चढता पोचता येईल अशा वेगळ्या जागा असतात. त्या थोड्याच असतात आणि त्यांची नोंदणी अनेकदा वेगळी करावी लागते.

आता आवाज. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात, एकाखाली एक, खालचं टोक आत वळलेलं. एल-अकूस्टिक्स या फ्रेंच कंपनीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला व्ही-डॉस्क ही यंत्रणा आणली आणि तिथून ही पद्धत सगळीकडे रुजली. वरचे डबे लांबच्या प्रेक्षकांवर रोखलेले, खालचे जवळच्यांवर. त्यामुळे पुढे आणि मागे आवाजाची पातळी बऱ्यापैकी सारखी राहते. एकट्या स्पीकरपासून मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. या माळेच्या जवळच्या टापूत तो ३ डेसिबलच्या आसपासच उतरतो. म्हणजे "मागे बसलो, आता कानांची काळजी नाही" हा हिशोब चुकतो.

कठड्याशी आवाज सगळ्यात चांगला असेल हा दुसरा गैरसमज. बेसचे स्पीकर जमिनीवर, स्टेजच्या पुढ्यात असतात आणि मुख्य माळेचा आवाज पहिल्या काही रांगांच्या डोक्यावरून जातो. तिथे ड्रम आणि बेस छातीत घुमतात, शब्द मात्र कळत नाहीत. स्वच्छ आवाज हवा असेल तर मिक्सरचा मांडव शोधा. मोठ्या कार्यक्रमात तो स्टेजपासून साधारण ३० मीटरवर, मधोमध असतो. साउंड इंजिनियर तिथे उभा राहून जे ऐकतो त्यावरूनच सगळं जुळवतो. त्याच्या थोडं पुढे किंवा बाजूला उभं राहा. अगदी मागे राहिलात तर मांडवच आडवा येईल.

खुर्च्यांमध्ये तीन ठिकाणं टाळा. स्टेजच्या रेषेच्या मागे गेलेल्या बाजूच्या जागा, कारण तिथून मोठा पडदाही तिरपा दिसतो आणि स्पीकरची दिशाही तिकडे नसते. खालच्या मजल्याच्या शेवटच्या रांगा, कारण वरच्या मजल्याचं छत डोक्यावर येतं आणि आवाज कोंदट होतो. आणि खूप लांबचं टोक, विशेषतः वारा असेल तर, कारण झांजांचा बारीक आवाज वाऱ्याबरोबर येतो-जातो. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे १०० मीटरवर तो जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचतो. पडद्यावर काठी आधी पडलेली दिसली आणि ठोका नंतर ऐकू आला तर यंत्रणा बिघडलेली नसते.

कर्णधार

वर लिहिलंय त्याला अनुमोदन. कानांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण एवढ्या सगळ्यात कायमचं नुकसान होऊ शकणारी गोष्ट हीच आहे आणि तिचीच तयारी सगळ्यात कमी केली जाते.

रॉक कार्यक्रमात आवाज १०० ते ११० डेसिबलपर्यंत सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीत १०० डेसिबल ही वरची मर्यादा सुचवली आहे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं कोष्टक असं: ८५ डेसिबलला ८ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. १०५ ला उरतात जेमतेम ५ मिनिटं, म्हणजे एक गाणं.

इअरप्लगच्या पाकिटावर एनआरआर, म्हणजे प्लग किती डेसिबल आवाज अडवतो, हा आकडा असतो. फोमच्या प्लगवर तो २९-३३ दिसतो. तो प्रयोगशाळेतला आकडा. प्रत्यक्षात आकड्यातून ७ वजा करून उरलेलं निम्मं धरायचं, म्हणजे २९ चे ११. आता १०५ मधून ११ गेले की राहिले ९४, म्हणजे एका तासाची सवलत. कार्यक्रम दोन तासांचा. पण तोच प्लग नीट बसवला आणि २० डेसिबल अडले तर कानात पोचतात ८५. फरक किमतीचा नाही, घालण्याचा आहे.

घालायचा असा: हात स्वच्छ हवेत. प्लग बोटांत वळून सुरकुती न पडता बारीक सुरळी करा. दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढा, त्याने कानाची वाट सरळ होते. सुरळी आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने ३० सेकंद धरून ठेवा. घाईघाईने दाबलेला प्लग अर्धा बाहेर राहतो आणि पहिल्याच उडीत निसटतो. तपासायचं असेल तर गाणं चालू असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट ठेवा. आवाज एकदम कमी झाला तर प्लग गळतोय, काढून पुन्हा घाला.

फोम उंच पट्टीचा आवाज जास्त अडवतो, म्हणून गायकाचे शब्द गादीखालून आल्यासारखे वाटतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग १५-२० डेसिबल सगळीकडून सारखेच कापतात आणि चाल, शब्द जसेच्या तसे राहतात. कठड्याशी उभं राहणाऱ्यांनी मात्र फोमच घ्यावा असं माझं मत आहे.

मुलीसाठी प्लग नकोत. लहान कानात ते बसत नाहीत आणि मुलं ते काढून टाकतात. कानावर बसणारे, मुलांच्या मापाचे इअरमफ घ्या आणि घरी रोज थोडा वेळ घालायची सवय लावा. गादी कानाभोवती सगळीकडून टेकायला हवी. चष्म्याची काडी, टोपीची कड, केसांची जाड वेणी यातलं काहीही मध्ये आलं की फट राहते. आत शिरण्याआधीच घाला. मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्या सहाय्यक बँडचा आवाजही कमी नसतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने तिला बाहेरच्या मार्गिकेत दहा मिनिटं घेऊन जा.

बाबांची यंत्रं बंद करून कानातच ठेवली की संरक्षण मिळतं, असं अनेकांना वाटतं. मिळत नाही. बहुतेक यंत्रांच्या टोपीला हवेसाठी भोकं असतात, त्यातून आवाज थेट आत जातो. चालू ठेवली तर यंत्र आवाज आणखी वाढवतं, शिवाय एवढ्या पातळीला त्याच्या माइकमधला आवाज फाटतो आणि सगळं खरखरीत ऐकू येतं. यंत्रं काढून टणक डबीत ठेवा आणि बाबांना फिल्टरवाले प्लग किंवा मफ द्या. श्रवणदोष किती आहे त्यावर कुठला प्लग हे ठरेल, तेव्हा त्यांच्या ऑडिओलॉजिस्टना विचारून घ्या. यंत्र नसताना बाबांना बोललेलं कळणार नाही, म्हणून दोन-तीन खुणा ठरवा: पाणी, स्वच्छतागृह, बाहेर जायचंय.

कार्यक्रमानंतर कानात गुंई आवाज येत राहिला किंवा सगळं दबल्यासारखं वाटलं तर तो इशारा आहे. दुसरा दिवस शांततेत घालवा, हेडफोन नकोत. दोन दिवसांत ओसरलं नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं तर दोन दिवसही थांबू नका, त्यावरचे उपचार लवकर सुरू व्हावे लागतात.

आडताल

खूप उपयोगी, दोघांचेही आभार. पुतण्या विचारतोय की प्लग आणि मफ दोन्ही घातले तर आवाज दुप्पट अडतो का? आणि कठड्याशी जाणाऱ्या चौघांबद्दलही कुणीतरी लिहा.

कर्णधार

नाही. दोन्ही एकत्र घातल्याने जास्त परिणामकारक साधनाच्या वर साधारण ५ डेसिबलची भर पडते. एकच, पण नीट.

गर्दीचं_गणित

पुढच्या गर्दीबद्दल. आधी वयाची अट बघा. उभ्या विभागात ठरावीक वयाखालच्यांना कित्येक ठिकाणी घेत नाहीत, किंवा मोठं माणूस सोबत लागतं. पंधरा वर्षांच्या मुलाचं तिकीट काढून मग हे कळलं तर पैसे परत मिळतीलच असं नाही.

धोका कशाने तयार होतो ते समजून घ्या. चेंगराचेंगरी म्हटलं की लोक तुडवले जातात असं डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात बहुतेक जीव उभ्या-उभ्या जातात, छाती दाबली जाऊन श्वास घेता येत नाही म्हणून. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं म्हणजे दाटी, पण हलता येतं. पाचाच्या पुढे काळजी. सहा-सातला माणसं स्वतःच्या मर्जीने हलतच नाहीत, मागून आलेला रेटा पाण्यासारखा वाहतो आणि एक जण पडला की त्या खड्ड्यात बाकीचे ओढले जातात. डेन्मार्कमधल्या रॉसकिल्डे महोत्सवात ३० जून २००० ला पर्ल जॅमच्या कार्यक्रमात स्टेजपुढे असंच लोक एकमेकांवर कोसळले आणि नऊ जण गेले. सिनसिनाटीत ३ डिसेंबर १९७९ ला द हू या बँडच्या कार्यक्रमाआधी ११ जण गेले, तेही दाराबाहेर: जागा आधी येईल त्याला, आणि उघडलेली दारं मोजकी. म्हणून दार उघडताना धावणाऱ्या घोळक्यात घुसायचं नाही. ही शिस्त पुतण्याला आधीच सांगा.

जागेवर मोजमाप करायला सोपी खूण: हात वर करून स्वतःचा चेहरा सहज खाजवता येतो का? येत असेल तर ठीक. चारही बाजूंनी अंगं टेकली आहेत आणि हात वर येत नाही, किंवा तुम्ही न हलता शरीर डावी-उजवीकडे ढकललं जातंय, तर निघायची वेळ उलटून चालली आहे. पुढचं गाणं आवडीचं असलं तरी निघा.

निघायचं कसं: रेट्याच्या विरुद्ध ढकलू नका, दमाल. रेटा आला की त्याच्याबरोबर जा, तो ओसरला की तिरकं, कडेच्या दिशेने दोन पावलं टाका. पुन्हा रेटा, पुन्हा दोन पावलं. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढे धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. ओरडून दम घालवू नका. हातातली वस्तू पडली तर ती गेली असं समजा, वाकायचं नाही. शेजारचा पडला तर आजूबाजूच्यांनी लगेच हात देऊन उचलायचा, कठड्याकडच्या गर्दीचा हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. स्वतः पडलात आणि उठता येत नसेल तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर. पालथं किंवा उताणं पडून राहू नका.

अगदी पहिल्या रांगेत असाल तर कठड्यापलीकडे सुरक्षारक्षक असतात. त्यांच्याकडे बघून हात हलवा आणि बाहेर काढायची खूण करा. ते वरून उचलून घेतात आणि बाजूच्या वाटेने सोडतात. परत त्याच जागी जाता येत नाही.

मध्ये एकदम गोल मोकळी जागा तयार व्हायला लागली तर ती मॉश पिटची सुरुवात, म्हणजे लोक एकमेकांना धडका देत नाचतात ती जागा. त्यात शिरायचं नसेल तर कडेलाही थांबू नका, दहा पावलं दूर व्हा. चष्मा, कानातली मोठी डुलं, गळ्यातलं लांब काही नको. बूट बंद आणि घट्ट नाडीचे.

पहिली_रांग

गर्दीच्या नियमांशी सहमत, पण कठड्याच्या जागेबद्दल थोडा मतभेद नोंदवते. आवाज तिथे कमी स्वच्छ असतो हे खरं. तरी गिटारवाल्याची बोटं तारेवर कशी फिरतात, ड्रमर पुढच्या गाण्याचा ठोका देण्याआधी कुणाकडे बघतो, हे दुसऱ्या कुठल्याही जागेवरून दिसत नाही. पंधराव्या वर्षी वाद्य शिकणाऱ्या मुलाला ते एकदा दिसायलाच हवं. दोन मोठी माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि अगदी मध्यावर न जाता कठड्याच्या कडेचं टोक धरा. रेटा बहुतेक मध्यावर जमतो, कडेला सहसा कमी असतो आणि बाहेर पडायची वाट जवळ.

किंमत मात्र मोजावी लागते. दार उघडल्यापासून शेवटपर्यंत चार-पाच तास ती जागा सोडता येत नाही. सहाय्यक बँड अर्धा-पाऊण तास, मग सामान बदलायला अर्धा तास, मग मुख्य बँड दीड ते दोन तास. दुपारी नीट जेवून जा, दिवसभर थोडं-थोडं पाणी प्या आणि आत जाण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. पाणी न पिता उपाशी उभं राहून भोवळ येणं हे पुढच्या रांगेतून बाहेर काढावं लागण्याचं नेहमीचं कारण आहे. गाण्यांचा क्रम दौऱ्यात फारसा बदलत नाही. सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर आधीच्या कार्यक्रमांची यादी बघितली की कुठल्या गाण्याला श्वास घ्यायला वेळ मिळेल हे कळतं.

अपस्मार असलेल्या मैत्रिणीने कठड्याशी जाऊ नये, हे मी ठामपणे सांगेन. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण ३ टक्के लोकांनाच दिव्यांच्या उघडझापीने झटका येतो, त्यामुळे तिला तो प्रकार आहे का हे आधी तिच्या डॉक्टरांकडून समजून घ्या. सेकंदाला ३ ते ३० वेळा चमकणारा प्रकाश जास्त धोक्याचा, आणि दृष्टीचा जितका भाग तो व्यापतो तितका धोका वाढतो. पुढे उभं राहिलं की सगळीच दृष्टी व्यापली जाते. लांबच्या खुर्चीवर तसं होत नाही. उघडझाप सुरू झाली तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून प्रकाश जातो. औषधाची वेळ चुकवू नका, आदल्या रात्रीची झोपही. झटका आलाच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेला तर तातडीची वैद्यकीय मदत.

म्हणजे तुमचा हिशोब असा होतो: पुतण्या आणि दोन मित्र खाली, बाकी पाच वर.

शेवटची_बस

चुकामूक आणि बाहेर पडणं एवढंच लिहितो.

प्रत्येक मोठ्या माणसाचं तिकीट त्याच्या स्वतःच्या फोनवर असू द्या. एकाकडे आठही तिकिटं असली की तो उशिरा आला तर सगळे बाहेर. तिकीट घरूनच उघडून फोनमध्ये साठवा. काही तिकिटांचा बारकोड दर थोड्या सेकंदांनी बदलतो, त्याचा स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. पिशवीचं कमाल माप, पॉवर बँक, पाण्याची बाटली, छत्री यांचे नियम जागेगणिक वेगळे. उघड्यावरच्या कार्यक्रमाला छत्री बहुधा बंदच असते, रेनकोट घ्या. बाबांची आणि मैत्रिणीची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह.

हजारो फोन एकाच टॉवरवर आले की इंटरनेट आणि कॉल दोन्ही अडकतात. साधा एसएमएस त्यातून निघण्याची शक्यता जास्त. तरीही फोन चालणारच नाही असं धरून ठरवा. भेटायची जागा बाहेर, आकडा लिहिलेल्या दारापाशी किंवा खांबापाशी. मुख्य दार नको, कार्यक्रम संपल्यावर तिथे एकाच दिशेने लोंढा असतो आणि उभं राहता येत नाही. "स्टेजच्या उजवीकडे भेटू" असंही ठरवू नका. स्टेजवाले उजवी बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून मोजतात, तुम्ही स्टेजकडे तोंड करून. सूचनाफलकावर कुठली लिहिलीय हे ऐनवेळी कोण बघत बसणार? वेळेचा नियमही हवा: शेवटच्या गाण्यानंतर ४५ मिनिटांपर्यंत पहिल्या जागी थांबायचं, मग दुसऱ्या ठरलेल्या जागी जायचं. मुलीच्या मनगटावर दोन मोबाइल नंबर लिहिलेली पट्टी बांधा आणि त्या दिवशीच्या कपड्यांत तिचा एक फोटो काढून ठेवा.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे आलात त्याव्यतिरिक्त जवळचे दोन मार्ग डोळ्यांखालून घालणं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ ला आतषबाजीने आग लागली. बरेच लोक आले त्याच पुढच्या दाराकडे धावले आणि तिथेच अडकले. १०० जण गेले. बंदिस्त जागेत तर हे विसरूच नका.

बाबा आणि मुलगी यांना घेऊन शेवटच्या लोंढ्यात उतरू नका. एक तर बँड परत येऊन वाजवतो ती गाणी सुरू होताच निघा, नाहीतर दिवे लागल्यावर वीस-पंचवीस मिनिटं जागेवरच बसा. मला दुसरा पर्याय बरा वाटतो, कारण शेवटची गाणी सोडण्यासारखी नसतात. गाडी उभी करताना तिचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे ठेवा. भाड्याची गाडी मागवणार असाल तर दारातून मागवू नका. तिथले रस्ते बंद असतात, चालक पोचत नाही. पंधरा मिनिटं चालून मग मागवा, आणि बाबांना तेवढं चालवणार नसेल तर त्यांना घ्यायला गाडी नेमकी कुठपर्यंत येऊ देतात हे आयोजकांकडून आधीच लिहून घ्या.